खुर्चीवरची गादी निळी करायची आहे, बाकी काही हलवायचं नाही: नोड जोडून एआय चित्रं घडवण्याची पद्धत

एक फोटो आहे असं धरा. खिडकीशेजारी लाकडी खुर्ची, तिच्यावर लाल गादी, मागे पडदा. गादी निळी हवी, बस्स. वाक्य लिहून चित्र बदलून देणाऱ्या एखाद्या साध्या साधनाला हे सांगितलं की गादी निळी होते खरी. पण बारकाईने पाहिलं तर लाकडाच्या रेषा बदललेल्या असतात, पडद्याची एखादी चुणी नाहीशी झालेली असते, उजेडही थोडा वेगळा पडलेला असतो. काय बदललं, कुठल्या टप्प्यावर बदललं, हे तपासायला जागाच नसते.

नोडच्या पद्धतीत ती जागा मिळते. नोड म्हणजे एकच काम करणारी छोटी चौकट, आणि अशा चौकटी तारांनी एकमेकींना जोडायच्या. चित्र तयार होण्याची सगळी वाट डोळ्यांसमोर मांडलेली असते आणि हव्या त्या वळणावर हात घालता येतो. या लेखात संगणकाच्या रिकाम्या पडद्यापासून सुरुवात करून त्या निळ्या गादीपर्यंत जाऊ. साधन घेतलंय कम्फीयूआय. जानेवारी २०२३ मध्ये आलेलं हे मुक्त स्रोत साधन आपल्याच संगणकावर चालतं. अशी इतरही साधनं आहेत, पण हे एक नीट कळलं की बाकीची समजायला वेळ लागत नाही.

सुरुवातीलाच एक आग्रह धरतो. दुसऱ्याने बनवलेला सत्तर-ऐंशी नोडांचा तयार वर्कफ्लो, म्हणजे नोडांची जोडलेली साखळी, उघडून शिकायला बसू नका. त्यातले निम्मे नोड आपल्याकडे नसतात, मॉडेलं वेगळी असतात, आणि बटण दाबून चित्र आलं तरी ते का आलं हे कळत नाही. मी पहिले काही आठवडे असेच घालवले. मग एका संध्याकाळी सगळं पुसून सात नोड स्वतःच्या हाताने जोडले, आणि आधी गूढ वाटणारे ते मोठे वर्कफ्लो वाचता यायला लागले.

आधी सामान

एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर सगळ्यात कमी कटकट होते. एएमडीच्या कार्डांवर आणि ॲपलच्या एम मालिकेतल्या संगणकांवरही हे चालतं. कार्डाची स्वतःची मेमरी, म्हणजे व्हीरॅम, ४ जीबी असेल तर स्टेबल डिफ्यूजन १.५ हे चित्रं काढणारं मॉडेल चालवता येतं. त्याच्याच मोठ्या भावासाठी, एसडीएक्सएलसाठी, ८ जीबी असलेली बरी. कार्ड नसलं तर नुसत्या प्रोसेसरवरही चालतं, पण एका चित्रासाठी बराच वेळ थांबावं लागतं.

विंडोजसाठी पोर्टेबल आवृत्ती मिळते. ती दाबून लहान केलेली फाइल उघडायची आणि आतली चालू करायची फाइल दाबायची, की ब्राउझरमध्ये ८१८८ या पोर्टवर पान उघडतं. डेस्कटॉप ॲपही आहे. मॉडेलची फाइल मात्र आपल्याला आणून ठेवावी लागते. मुख्य मॉडेल 'मॉडेल्स' फोल्डरमधल्या 'चेकपॉइंट्स'मध्ये जातं, लोरा (मुख्य मॉडेलला एखादी शैली किंवा विषय शिकवणारी छोटी जोड-फाइल) 'लोराज'मध्ये, कंट्रोलनेट (चित्राचा आकार-मांडणी धरून ठेवणारं जोड-मॉडेल) 'कंट्रोलनेट'मध्ये. फाइल 'सेफटेन्सर्स' प्रकारचीच घ्या. जुन्या 'सीकेपीटी' फाइलमध्ये कोड लपवता येतो आणि ती उघडताच तो चालू शकतो. सेफटेन्सर्समध्ये नुसते आकडे असतात.

पहिल्या दिवशी एकच मॉडेल पुरे. एसडीएक्सएल घेतलं तर ती फाइल सुमारे ७ जीबीची आहे.

सात नोड, हाताने

पडद्यावर आधीपासून काही असेल तर ते पुसून टाका. रिकाम्या जागेवर दोनदा क्लिक केलं की शोधायची चौकट येते. तिथे नाव टाइप करून एकेक नोड आणायचा. नोडच्या डाव्या बाजूला आत येणाऱ्या गोष्टींची टोकं असतात, उजव्या बाजूला बाहेर जाणाऱ्यांची. उजव्या टोकावरून तार ओढून पुढच्या नोडच्या डाव्या टोकाला लावायची.

पहिला नोड 'लोड चेकपॉइंट'. याच्यातून तीन तारा निघतात: मॉडेल, क्लिप आणि व्हीएई. एकाच फाइलमध्ये तीन वेगवेगळे कारागीर बसलेले आहेत असं समजा. क्लिप आपले शब्द वाचून त्यांचे आकडे करतो. मॉडेल त्या आकड्यांकडे बघत गोंगाटातून, म्हणजे विस्कळीत ठिपक्यांतून, आकार काढतो. व्हीएई चित्राचं आतल्या भाषेत आणि आतल्या भाषेचं चित्रात रूपांतर करतो.

मग 'क्लिप टेक्स्ट एन्कोड' दोनदा आणा. एकात हवं ते लिहायचं, दुसऱ्यात नको ते. दोन्हींना क्लिपची पिवळी तार लावा. हा मजकूर म्हणजेच प्रॉम्प्ट. तो इंग्रजीत लिहिलेला बरा, कारण ही मॉडेलं मुख्यतः इंग्रजी वर्णनांवर शिकलेली आहेत. मराठीत लिहिलं तर चित्र येतं, पण लिहिलेल्याशी त्याचा संबंध फारसा लागत नाही.

चौथा नोड 'एम्प्टी लेटेंट इमेज', म्हणजे कोरा कागद. इथे रुंदी आणि उंची ठरते. एसडीएक्सएलसाठी १०२४ बाय १०२४, स्टेबल डिफ्यूजन १.५ साठी ५१२ बाय ५१२. मॉडेल ज्या मापावर शिकलं त्याच मापाजवळ राहा. १.५ ला एकदम १०२४ चा कागद दिला तर एका माणसाला दोन डोकी येणं नेहमीचंच आहे.

लेटेंट म्हणजे काय ते इथेच समजून घ्या, पुढे सगळीकडे लागणार आहे. मॉडेल पिक्सेलवर काम करत नाही. या दोन मॉडेलांचा व्हीएई चित्राची प्रत्येक बाजू ८ पटींनी लहान करून त्याचा चार थरांचा सारांश करतो. ५१२ बाय ५१२ च्या रंगीत चित्रात ७,८६,४३२ आकडे असतात, तर त्याच्या लेटेंटमध्ये ६४ बाय ६४ गुणिले ४, म्हणजे १६,३८४. ४८ पटींनी कमी आकडे. म्हणूनच हे घरच्या संगणकावर चालतं. मात्र सारांशात बारीक तपशील थोडेफार हरवतात. खुर्चीच्या लाकडाच्या रेषा का बदलतात, याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

पाचवा 'के-सॅम्पलर'. मॉडेलची जांभळट तार, दोन्ही प्रॉम्प्टच्या केशरी तारा आणि कोऱ्या कागदाची गुलाबी तार, चारही इथे येऊन मिळतात. खरं काम होतं ते याच ठिकाणी. त्याच्यापुढे 'व्हीएई डीकोड', ज्याला सॅम्पलरचं लेटेंट आणि पहिल्या नोडमधली व्हीएईची लाल तार लागते. शेवटी 'सेव्ह इमेज'. कंट्रोल आणि एंटर दाबा. नोड एकेक करून उजळत जातात आणि चित्र येतं.

मोजलं तर सातच नोड आहेत. तारांचे रंग लक्षात ठेवा: चित्राची तार निळी, मास्कची (चित्राचा निवडून रंगवलेला भाग) हिरवी, लेटेंटची गुलाबी. वेगळ्या जातीची तार टोकाला चिकटतच नाही, त्यामुळे चूक जागच्या जागी कळते.

के-सॅम्पलरमधल्या कळा

सीड हा सुरुवातीच्या गोंगाटाचा क्रमांक. तोच सीड, तेच मॉडेल आणि त्याच कळा ठेवल्या की तेच चित्र परत येतं. त्याच्याखाली, चित्र झाल्यावर सीडचं काय करायचं ते निवडायची जागा असते. ती आधी 'फिक्स्ड' करा. सीड दर वेळी बदलत राहिला तर फरक प्रॉम्प्टमुळे पडला की नशिबाने, हे कधीच कळणार नाही.

स्टेप्स २० ते ३० ठेवा. त्यापुढे सहसा वेळच जातो. सीएफजी म्हणजे प्रॉम्प्टचं किती ऐकायचं याचं प्रमाण. एसडीएक्सएलला ५ ते ८ चालतं. फार वाढवलं तर रंग भडक आणि कडा करपल्यासारख्या होतात. फ्लक्ससारख्या मॉडेलांना मात्र सीएफजी १ ठेवायचं असतं आणि तिथे 'नको ते' लिहिलेल्या चौकटीचा काही परिणाम होत नाही. तेव्हा मॉडेल बदललं की या कळा पुन्हा बघायच्या.

उरली डीनॉइज, म्हणजे आत दिलेल्या चित्रातलं किती पुसून नव्याने काढायचं याचं प्रमाण. कोऱ्या कागदापासून चित्र करताना ती १ असते. संपादनात मात्र सगळा खेळ हिच्याभोवती फिरतो.

एका वेळी एकच गोष्ट

सीड बांधून ठेवलात की एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा चालवा. कम्फीयूआय फक्त बदललेला नोड आणि त्याच्या पुढचे नोडच पुन्हा चालवतं, मागचं लक्षात ठेवतं. त्यामुळे शेवटच्या टप्प्यात काही बदललं तर उत्तर लगेच मिळतं. काहीच न बदलता पुन्हा बटण दाबलं तर काहीच होत नाही. नवशिक्यांना तो बिघाड वाटतो, पण तसं नाही.

एखादा नोड काढून न टाकता त्याच्याशिवाय चित्र कसं येईल ते बघायचं असेल तर तो निवडून कंट्रोल आणि बी दाबा. तार त्याला वळसा घालून पुढे जाते.

मधल्या टप्प्यांवर 'प्रिव्ह्यू इमेज' लावायची सवय करा. सेव्ह इमेजसारखाच हा नोड, पण चित्र तात्पुरतं दाखवतो. मोठ्या वर्कफ्लोत गडबड कुठे झाली ते शोधायला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही मला सापडलेलं नाही.

तयार फोटोवर काम

आता कोरा कागद काढा. त्याच्या जागी 'लोड इमेज' आणि त्यापुढे 'व्हीएई एन्कोड' आणा, आणि त्याची गुलाबी तार के-सॅम्पलरला द्या. डीनॉइज ०.३ ठेवलं तर फोटो जवळजवळ तसाच राहून पोत तेवढा बदलतो. ०.५ ला मांडणी टिकते पण वस्तू बदलायला लागतात. ०.८ च्या पुढे मूळ फोटोची फक्त आठवण राहते. एकच फोटो, एकच सीड घेऊन ०.२ पासून ०.९ पर्यंत आठ चित्रं काढा आणि शेजारी शेजारी ठेवा. या अर्ध्या तासात जे कळतं ते वाचून कळत नाही.

खुर्चीच्या बाबतीत मात्र ही पद्धत पुरी पडत नाही, कारण डीनॉइज सगळ्या चित्राला लागतं. गादी निळी होईपर्यंत खुर्ची बदलून जाते. त्यासाठी मास्क हवा.

निळी गादी

लोड इमेजवर उजवी क्लिक करून मास्क एडिटर उघडा आणि गादी रंगवा. कडेच्या किंचित बाहेर गेलात तर उत्तम. अगदी कडेवर थांबलात तर लाल रंगाची बारीक किनार मागे राहते आणि ती फार खुपते. मास्क हिरव्या तारेतून बाहेर येतो.

व्हीएई एन्कोड आणि के-सॅम्पलर यांच्यामध्ये 'सेट लेटेंट नॉइज मास्क' ठेवा आणि मास्क त्याला द्या. आता सॅम्पलर फक्त तेवढ्याच भागावर काम करेल. प्रॉम्प्टमध्ये हुकूम लिहू नका. 'गादी निळी कर' हे या मॉडेलांना कळत नाही. पूर्ण झालेल्या चित्राचं वर्णन लिहा: खिडकीजवळची लाकडी खुर्ची, निळी सुती गादी, दिवसाचा मऊ उजेड.

डीनॉइज ०.५ वर चालवून पाहा. गादी लालच राहते, फार तर जांभळट होते, कारण मूळ लाल रंग लेटेंटमध्ये अजून शिल्लक आहे. ०.८५ वर निळी होते, पण गादीचा आकार बदलू शकतो, शिवणी वेगळ्या येऊ शकतात. आकार जपायचा असेल तर इथे कंट्रोलनेट जोडा. फोटोतून 'कॅनी' नोडने कडांचं रेखाचित्र काढायचं आणि 'अप्लाय कंट्रोलनेट'मधून ते दोन्ही केशरी तारांत मिसळायचं. रंग बदलला तरी कडा जागेवर राहतात. जोर ०.६ च्या आसपास पुरतो. पूर्ण १ ठेवला तर चित्र ताठरतं.

'व्हीएई एन्कोड फॉर इनपेंटिंग' नावाचाही एक नोड आहे. इनपेंटिंग म्हणजे चित्राचा ठरावीक भाग नव्याने भरणं. नाव बघून तोच घ्यावासा वाटतो, पण तो मास्कखालचा भाग पुसून राखाडी करतो. म्हणून त्याच्यासोबत डीनॉइज १ च लागतं. कमी ठेवलं तर राखाडी डाग दिसतो. एखादी वस्तू पूर्ण काढून तिथे दुसरी आणायची असेल तर तो बरोबर, आणि त्यासोबत इनपेंटिंगसाठीच शिकवलेलं मॉडेल असेल तर फारच छान. रंग बदलायला तो नको.

गादी निळी झाली, पण काम संपलेलं नाही. मास्कबाहेरचा भाग सॅम्पलरने बदलला नसला तरी तोही व्हीएईतून आत जाऊन बाहेर आलाय, आणि त्या सारांशात लाकडाच्या रेषा थोड्या पुसट झाल्यात. म्हणून शेवटी 'इमेज कंपोझिट मास्क्ड' लावा. 'डेस्टिनेशन'ला मूळ फोटो, 'सोर्स'ला नवं चित्र आणि तोच मास्क. आता गादी नव्या चित्रातली आणि बाकीचा प्रत्येक पिक्सेल मूळ फोटोतला. मास्कची कड कात्रीने कापल्यासारखी दिसत असेल तर ती मऊ करायला हवी. 'फेदर मास्क' हे नाव बघून फसू नका. तो नोड चौकटीच्या चार बाजू मऊ करतो, आपण रंगवलेल्या आकाराची कड नाही. मास्कचं चित्र करून त्याला 'इमेज ब्लर' लावा आणि परत मास्क करा. याने काम होतं.

खरंच काही हललं नाही ना, हे डोळ्यांवर सोडू नका. 'इमेज ब्लेंड' नोडमध्ये मूळ फोटो आणि अंतिम चित्र घाला, प्रकार 'डिफरन्स' निवडा आणि प्रमाण १ करा. दोन्ही चित्रं जिथे सारखी तिथे काळं दिसतं. मात्र दुसरं चित्र जास्त उजळ असेल तिथेही काळंच दिसतं, म्हणून चित्रांचा क्रम उलटा करूनही एकदा बघा. सगळं चित्र काळंकुट्ट आणि मध्ये फक्त गादीच्या आकाराचा उजळ ठिपका दिसला की समजायचं, जमलं. मला या एका काळ्या चित्राने जेवढा विश्वास दिला तेवढा कुठल्याच नमुन्याने दिला नाही.

फोटो मोठा असेल, समजा ४००० पिक्सेल रुंद, तर तो अख्खा मॉडेलला देऊ नका. 'इमेज क्रॉप'ने गादीभोवतीचा १०२४ बाय १०२४ चा तुकडा कापा आणि त्याच आकड्यांनी 'क्रॉप मास्क'ने मास्कही कापा. तुकड्यावर काम करा आणि कंपोझिट करताना तेच एक्स आणि वाय द्या. तुकडा मूळ फोटोत नेमका आपल्या जागी बसतो आणि फोटोचं माप जराही कमी होत नाही. तुकड्याचं माप ८ ने भाग जाणारं ठेवा, नाहीतर व्हीएई कडेचे पिक्सेल कापून टाकतो.

हुकूम ऐकणारी मॉडेलं

२०२५ मध्ये फ्लक्स कॉन्टेक्स्ट आणि क्वेन इमेज एडिट अशी मॉडेलं आली. त्यांना 'गादी निळी कर' असं थेट सांगता येतं, मास्क लागत नाही. कम्फीयूआयमध्ये त्यांचे नमुना वर्कफ्लो तयार मिळतात. काम झटपट होतं, पण तीही सगळं चित्र नव्याने काढतात, म्हणून सुरुवातीला सांगितलेली अडचण तिथेही आहे. माझी पद्धत अशी: बदल या मॉडेलकडून करून घ्यायचा, मग मूळ फोटोवर गादीपुरता मास्क काढून कंपोझिट करायचं. चित्र एखाद-दोन पिक्सेल सरकलेलं नाही ना, हे डिफरन्सने आधी बघा. मॉडेलचा परवानाही वाचा. सगळीच मॉडेलं व्यावसायिक कामाला मोकळी नसतात.

अडलं तर

'मॅट१ अँड मॅट२ शेप्स कॅनॉट बी मल्टिप्लाइड' अशा अर्थाचा संदेश आला तर बहुतेक वेळा जाती मिसळल्या आहेत. एसडीएक्सएलच्या चेकपॉइंटला १.५ चा लोरा किंवा कंट्रोलनेट चालत नाही. फाइलींना नाव देताना सुरुवातीलाच जात लिहून ठेवली की हा प्रश्न मिटतो. चित्र पूर्ण काळं आलं तर व्हीएईकडे बघा. एसडीएक्सएलचा मूळ व्हीएई कमी अचूकतेच्या आकड्यांवर कोलमडतो, तेव्हा दुरुस्त केलेला व्हीएई 'लोड व्हीएई'ने वेगळा जोडायचा. मेमरी संपल्याचा संदेश आला तर माप कमी करा. चित्र नंतर मोठं करता येतं: 'अपस्केल इमेज युजिंग मॉडेल'ने वाढवून, वाटल्यास ०.२५ ते ०.३५ डीनॉइजने पुन्हा एकदा सॅम्पलरमधून काढायचं.

उघडलेल्या वर्कफ्लोत नोड लाल दिसत असतील तर ते कस्टम नोड आहेत, दुसऱ्या कोणीतरी लिहिलेले. नोड बसवून देणाऱ्या 'मॅनेजर'मधून ते एका क्लिकवर बसतात, आणि तिथेच सावध राहायला हवं. कस्टम नोड म्हणजे आपल्या संगणकावर पूर्ण मोकळीक घेऊन चालणारा प्रोग्रॅम. २०२४ मध्ये असा एक नोड वापरणाऱ्यांचे ब्राउझरमधले पासवर्ड चोरत असल्याचं उघड झालं होतं. वर सांगितलेलं सगळं काम मूळच्या नोडांवर होतं, तेव्हा खरी गरज पडेपर्यंत दुसरे बसवू नका.

आणि चित्र कोणाला पाठवण्यापूर्वी एक गोष्ट बघा. कम्फीयूआय प्रत्येक पीएनजीत सगळा वर्कफ्लो लिहून ठेवतं. ती फाइल पडद्यावर ओढून टाकली की सगळे नोड, प्रॉम्प्ट आणि सीड जसेच्या तसे उघडतात. स्वतःच्या कामासाठी हे वरदान आहे. सहा महिन्यांपूर्वीचं चित्र कसं केलं होतं ते एका क्षणात कळतं. पण तीच फाइल दुसऱ्याकडे गेली तर प्रॉम्प्टमध्ये लिहिलेलं सगळं त्यालाही वाचता येतं. पाठवायची प्रत वेगळी काढा आणि जेपीजी करून द्या. मूळ पीएनजी आपल्याकडे ठेवा.